मोलकरणीची अब्रू आणि वर्तमानपत्राची शाई
युद्धोत्तर जर्मनीतील साहित्य आणि चित्रपट यांनी आपल्याच समाजाला विचारलेले प्रश्न

पोलीस ठाण्यात एक बाई बसली आहे. वय सत्तावीस. दुसऱ्यांच्या घरी घरकाम करून जगणारी. समोर साहेब प्रश्न विचारतो आहे आणि कारकून जबानी टाइप करतो आहे. जबानी वाचून दाखवल्यावर सही करायची वेळ येते. बाई सही करीत नाही. ती म्हणते, हा शब्द माझा नाही, तो बदला.

कोणता शब्द? ज्या घरांत तिने काम केले तिथले काही पुरुष तिच्या अंगचटीला येत, म्हणून तिने ती कामे सोडली होती. कारकुनाने लिहिले की ते पुरुष तिच्याशी प्रेमाने वागत. बाईचे म्हणणे असे की, प्रेमाने वागणे दोघांच्या मर्जीने होते आणि अंगचटीला येणे एकाच्याच मर्जीने. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साहेब वैतागतो. एका शब्दासाठी एवढा वेळ? पण बाई हटत नाही. सध्याच्या मालक-मालकिणीबद्दल कारकुनाने "चांगले वागतात" असे लिहिले, तेव्हाही ती अडून बसते. ते नुसते चांगले वागत नाहीत, ते मायाळू आहेत, तसेच लिहा.

ही बाई म्हणजे काटारीना ब्लुम. हाइनरिश ब्योल या जर्मन लेखकाने १९७४ साली लिहिलेल्या 'काटारीना ब्लुमची गमावलेली अब्रू' या छोट्या कादंबरीची ती नायिका. पुढच्याच वर्षी या कादंबरीवर चित्रपट निघाला. रोज सकाळी दुसऱ्याच्या घरची भांडी आणि लादी करायला निघणाऱ्या आमच्या भगिनींना ही दूरदेशीची बाई परकी वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे. म्हणून तिची हकीकत, आणि ती ज्या साहित्यातून जन्माला आली त्या साहित्याची थोडी ओळख, आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ढिगाऱ्यातून उभे राहिलेले साहित्य

१९४५ साली हिटलरचा पराभव झाला तेव्हा जर्मनीची मोठमोठी शहरे विटा-मातीचे ढिगारे झाली होती. साठ लाख ज्यूंची हत्या या राजवटीने केली होती. रोमा लोक, अपंग, राजकीय विरोधक यांनाही सोडले नव्हते. पुढे देशाचे दोन तुकडे झाले. पश्चिम जर्मनीत कारखाने पुन्हा धडधडू लागले, दुकाने भरली, लोकांच्या दारात मोटारी आल्या. जगाने याला आर्थिक चमत्कार म्हटले.

पण या भरभराटीत एक प्रश्न कोणी विचारीत नव्हते. काल हात उंचावून जयजयकार करणारी माणसे आज कुठे गेली? ती कुठेच गेली नव्हती. हिटलरच्या काळातील कितीतरी न्यायाधीश, अधिकारी आणि प्राध्यापक पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर येऊन बसले होते. घराघरांत बाप गप्प होते. पडद्यावर हिरव्यागार डोंगरांचे आणि गाण्यांचे गोड चित्रपट चालत होते. ऑशवित्झच्या छळछावणीत काम केलेल्यांवर फ्रँकफुर्टला मोठा खटला उभा राहिला तो १९६३ साली, म्हणजे युद्ध संपून अठरा वर्षे झाल्यावर!

ही शांतता मोडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत लेखक पुढे होते. १९४७ साली काही तरुण लेखक एकत्र जमू लागले. एकमेकांचे लिखाण ऐकायचे आणि तोंडावर परखड टीका करायची, असा त्यांचा रिवाज. साल '४७ म्हणून 'गट ४७' हेच त्यांचे नाव पडले. ब्योल आणि ग्युंटर ग्रास हे दोघेही या गटातून पुढे आले. दोघांनाही पुढे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, ब्योल यांना १९७२ साली आणि ग्रास यांना १९९९ साली.

ब्योल यांचा जन्म १९१७ साली कोलोन शहरात झाला. वडील सुतारकाम करणारे. आर्थिक मंदीत कुटुंबाला राहते घर विकावे लागले. शाळेतली बहुतेक मुले हिटलरच्या युवक संघटनेत गेली, ब्योल गेले नाहीत. पण सक्तीची सैन्यभरती चुकली नाही. युद्धाची सहा वर्षे साधा शिपाई म्हणून काढली, जखमा झाल्या, शेवटी कैद झाली. परत आले तेव्हा शहर उद्ध्वस्त होते आणि पहिले मूल त्याच वर्षी दगावले. पत्नी शाळेत शिकवीत असे, तिच्या पगारावर घर चाले आणि ब्योल लिहीत. अशा माणसाच्या लिखाणात भाकरीची, खोलीच्या भाड्याची आणि साध्या माणसाच्या मानाची गोष्ट आली नसती तरच नवल.

चार दिवसांत काय झाले?

आता काटारीनाची हकीकत. तिचा बाप खाणकामगार. ती लहान असतानाच वारला. लहानपणापासून कष्ट, एक फसलेले लग्न, मग घटस्फोट. पण बाई कामाला वाघीण आणि हिशेबाला चोख. ब्लोर्ना नावाच्या वकिलाच्या घरी ती घर सांभाळते. त्याच दांपत्याच्या मदतीने, कर्ज काढून, तिने स्वतःची छोटी सदनिका घेतली आहे आणि हप्ते फेडते आहे.

१९७४ च्या फेब्रुवारीत, सोंगे घेऊन नाचण्या-गाण्याच्या कार्निव्हलच्या दिवसांत, ती आपल्या धर्ममातेकडे एका मेजवानीला जाते. तिथे लुडविग नावाचा तरुण भेटतो. दोघे संध्याकाळभर नाचतात आणि मग तिच्या घरी जातात. सकाळी शस्त्रधारी पोलीस दार फोडून आत शिरतात, कारण लुडविग हा त्यांना हवा असलेला आरोपी आहे. तो मात्र निसटलेला असतो. काटारीनानेच त्याला इमारतीच्या तळातून बाहेर पडायची वाट दाखवलेली असते. एका रात्रीच्या ओळखीवर तिचे मन जडले आहे. तिचा गुन्हा काय तो एवढाच.

इथून तिच्या आयुष्याची चिरफाड सुरू होते. पोलीस तिच्या बँकेच्या पुस्तकातली ओळ न् ओळ तपासतात. मोलकरणीने घर कसे घेतले? गाडीचे किलोमीटर हिशेबापेक्षा जास्त कसे? ती सांगते की, पावसाळी संध्याकाळी एकटेपणाची भीती वाटते, म्हणून मी नुसतीच गाडी चालवीत फिरते. एकट्या बाईचे हे साधे दुःखही त्या कागदांत संशयाचे कलम होऊन बसते.

पोलिसांपेक्षा भयंकर निघते ते वर्तमानपत्र. ब्योल त्याला नाव देत नाहीत, नुसते 'वृत्तपत्र' म्हणतात. त्याचा वार्ताहर ट्योटगेस सगळीकडे नाक खुपसतो. वकील ब्लोर्ना सांगतो की ती हुशार आणि शांत डोक्याची आहे. दुसऱ्या दिवशी छापून येते की ती थंड रक्ताची आणि आतल्या गाठीची आहे. मेलेल्या बापाला छुपा कम्युनिस्ट ठरवले जाते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर आई रुग्णालयात पडून आहे आणि तिला कोणी भेटायचे नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे. वार्ताहर रंगाऱ्याचे सोंग घेऊन आत शिरतो आणि लेकीबद्दलचे सगळे तिच्या कानावर घालतो. म्हातारी कळवळून विचारते की माझ्या पोरीवर असे का ओढवले. छापताना तिच्या प्रश्नाचे विधान होते. जणू आईच म्हणाली की हे असे होणारच होते! वार्ताहराचे समर्थन तयारच असते. साध्या माणसांना बोलता येत नाही, त्यांचे म्हणणे नीट मांडायला मी मदत करतो, एवढेच. ही 'मदत' आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या ओळखीची असेल.

आई मरते. वृत्तपत्र त्याचाही ठपका लेकीवर ठेवते.

कथेत एक बडा उद्योगपती आहे. तो काटारीनाच्या मागे लागलेला, तिला अंगठी आणि आपल्या बंगल्याची किल्ली देऊन बसलेला. लुडविग लपतो तो त्याच बंगल्यात. पण वृत्तपत्रावर वजन असलेल्या मित्राच्या कृपेने या गृहस्थाचे नाव बातम्यांतून अलगद बाजूला राहते. मोलकरणीचे नाव मात्र पहिल्या पानावर, फोटोसकट. तिच्या घरी घाणेरडी पत्रे येतात, रात्री-अपरात्री अश्लील फोन येतात. जिवापाड जपलेल्या घराच्या भिंतींवर ती स्वतःच बाटल्या फोडते. आणि पोलिसांच्या त्या 'खुनी दरोडेखोरा'चे काय? तो सैन्यातून पळालेला आणि सैन्याची तिजोरी लुटलेला निघतो. खून आणि बँकेवरचा दरोडा या गोष्टी खोट्या ठरतात.

रविवारी ट्योटगेस मुलाखतीसाठी तिच्या घरी येतो. एवढे करूनही तो हसत-हसत तिच्याकडे शरीराची मागणी करतो. तिने आणून ठेवलेल्या पिस्तुलातून गोळ्या सुटतात. संध्याकाळी ती स्वतः पोलीस अधिकाऱ्याच्या दारात उभी राहते आणि सांगते की, मी दिवसभर शहरात पश्चात्ताप शोधीत फिरले, पण तो काही सापडला नाही.

ब्योल खुनाची भलामण करीत नाहीत. कादंबरीच्या उपशीर्षकातच त्यांनी सांगून ठेवले आहे की, हिंसा कशी जन्मते आणि कुठे नेते याची ही गोष्ट आहे. पिस्तुलाच्या हिंसेची बातमी होते. तिच्या आधी चार दिवस शाईने चाललेल्या हिंसेची फिर्याद कुठे करायची? ब्योल यांचा रोख या प्रश्नावर आहे.

लेखकाने स्वतः सोसलेले

ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. त्या वर्षांत पश्चिम जर्मनीत काही डाव्या तरुणांच्या सशस्त्र टोळीने बँका लुटल्या होत्या, बॉम्ब आणि गोळ्यांनी माणसे मारली होती. देशात घबराट होती. लाखो प्रती खपणारे 'बिल्ड' हे दैनिक त्या आगीत तेल ओतीत होते. १९७१ च्या डिसेंबरात एका बँकेवर दरोडा पडला, त्यात एक पोलीस मारला गेला. कोणताही पुरावा हाती येण्याआधीच 'बिल्ड'ने पहिल्या पानावर त्या टोळीला खुनी ठरवून टाकले. ब्योल यांनी १९७२ च्या जानेवारीत 'डेर श्पीगल' साप्ताहिकात याविरुद्ध लेख लिहिला. हिंसेला त्यांचा पाठिंबा नव्हता. पण आरोपीलाही कायद्याचा न्याय मिळाला पाहिजे आणि मथळे म्हणजे निकाल नव्हे, एवढे त्यांचे म्हणणे होते.

झाले! ब्योल हेच अतिरेक्यांचे पाठीराखे, असा गिल्ला सुरू झाला. जूनमध्ये त्यांच्या गावाकडच्या घराला पोलिसांनी वेढा घालून झडती घेतली. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांना नोबेल मिळाले. नोबेल मिळणाऱ्या लेखकाची ही गत, तर मोलकरणीचे काय होईल? हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला असावा. दोन वर्षांनी काटारीना जन्माला आली. पुस्तकाच्या आरंभी ब्योल यांनी नोंद टाकली की, यातल्या वृत्तपत्राचे 'बिल्ड'शी साम्य दिसले तर ते मुद्दाम केलेले नाही आणि योगायोगही नाही, ते टळणे शक्यच नव्हते. असा चिमटा जर्मन वाचकाने क्वचितच अनुभवला असेल.

पडद्यावरची काटारीना

१९६२ साली ओबरहाउझेन शहरात २६ तरुण चित्रपटकारांनी जाहीरनामा काढून जुन्या गोड-गुलाबी सिनेमाशी काडीमोड घेतला होता. त्यातून जी नवी लाट आली तिने साहित्याला हाताशी धरले. फोल्कर श्लोन्डॉर्फ आणि मार्गारेथ फॉन ट्रोटा या दिग्दर्शकांनी १९७५ साली 'काटारीना ब्लुम' पडद्यावर आणला. अँगेला विंकलर या अभिनेत्रीने काटारीना उभी केली. ती आरडाओरडा करीत नाही. मान ताठ ठेवून, ओठ घट्ट मिटून प्रत्येक प्रश्नाला सामोरी जाते. तिच्या चेहऱ्यावरचा अपमान पाहून प्रेक्षकाला आपलीच लाज वाटू लागते.

पुस्तक आणि चित्रपट यांच्या मांडणीत फरक आहे. पुस्तक सरकारी अहवालाच्या कोरड्या भाषेत लिहिले आहे आणि खून झाल्याचे सुरुवातीलाच सांगून टाकते. चित्रपट एकेक दिवस क्रमाने दाखवतो, त्यामुळे फास आवळत जाताना आपण पाहतो. शेवटी दिग्दर्शकांनी पुस्तकात नसलेला एक प्रसंग घातला आहे. मेलेल्या वार्ताहराची थाटात अंत्ययात्रा निघते, पुष्पचक्रे वाहिली जातात आणि एक बडा माणूस भाषण ठोकतो की या गोळ्या वृत्तपत्र-स्वातंत्र्यावर झाडल्या गेल्या. मोलकरीण तुरुंगात आहे, तिच्या आईच्या कबरीवरची माती ओली आहे आणि स्वातंत्र्याच्या नावाने गळा काढला जातो आहे! स्वातंत्र्य हा शब्दही कोणाच्या तोंडी आहे हे पाहून घ्यावे लागते, हा धडा त्या प्रसंगात आहे. चित्रपटगृहांत लोकांनी गर्दी केली.

किराणा दुकानदार आणि हवालदार

या साहित्याचा खरा बाणा आम्हाला कशात दिसतो? त्याने सगळा दोष एका हिटलरवर ढकलला नाही. शेजारच्या साध्या माणसाला पकडून विचारले की, तेव्हा तू काय करीत होतास?

ग्युंटर ग्रास यांची 'पत्र्याचा ढोल' ही कादंबरी १९५९ सालची. डान्झिग शहरातला ऑस्कर नावाचा मुलगा मोठ्या माणसांचे जग पाहून तिसऱ्या वर्षीच वाढायचे थांबतो आणि गळ्यात पत्र्याचा ढोल अडकवून हिंडतो. त्याचा बाप किराणा दुकानदार, स्वयंपाकाची आवड असलेला चारचौघांसारखा माणूस. सगळे जातात म्हणून तोही हिटलरच्या पक्षात जातो. ऑस्करला ढोल विकणारा खेळण्यांचा दुकानदार ज्यू असतो. १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंची दुकाने फोडली जातात, त्या दिवशी तो विष घेऊन मरतो. श्लोन्डॉर्फ यांनीच १९७९ साली यावर चित्रपट काढला. त्यात पक्षाची मोठी सभा भरली आहे. व्यासपीठाखाली लपलेला ऑस्कर असा काही ढोल वाजवतो की बँडचा ताल चुकतो आणि लष्करी चालीचे नाचाचे गाणे होऊन जाते. हात उंचावलेले लोक जोड्या जुळवून नाचू लागतात! एक लहान पोर ताल मोडू शकते, मग मोठी माणसे का नाही मोडू शकली? या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले आणि १९८० साली ऑस्करही मिळाले.

याच ग्रास यांनी २००६ साली कबूल केले की, आपण स्वतः सतराव्या वर्षी हिटलरच्या 'वाफन एसएस' या बदनाम दलात होतो. इतरांना आयुष्यभर जाब विचारणाऱ्याने स्वतःचे इतकी वर्षे झाकून ठेवावे, याचा जर्मनीत मोठा गदारोळ झाला. तो योग्यच होता. प्रश्न विचारणाऱ्यालाही प्रश्नातून सूट नसते.

सिगफ्रीड लेन्ट्स यांची 'जर्मनचा तास' ही कादंबरी १९६८ सालची. बालसुधारगृहातल्या मुलाला निबंध लिहायला सांगतात, विषय 'कर्तव्यातील आनंद'. मुलगा कोरी वही देतो. लिहिण्यासारखे काही नाही म्हणून नव्हे, खूप आहे म्हणून. त्याचा बाप उत्तरेकडच्या एका खेड्यात पोलीस हवालदार होता. वरून हुकूम आला की गावातल्या चित्रकाराने चित्रे काढायची नाहीत. चित्रकार हवालदाराचा बालमित्र होता. तरी हवालदाराने हुकूम तंतोतंत पाळला. युद्ध संपले, हुकूम देणारे गेले, तरी याचे कर्तव्य संपेना. विचार न करता पाळलेले कर्तव्य माणसाचे काय करते, हे लेन्ट्स यांनी शाळकरी मुलाच्या तोंडून वदवले. या कादंबरीवर १९७१ साली दूरचित्रवाणीसाठी आणि २०१९ साली मोठ्या पडद्यासाठी चित्रपट झाला. प्रश्न अजून जिवंत आहे, याची ही खूणच.

लेखक हमालाच्या कपड्यांत

ब्योल यांच्या गोष्टीवर आक्षेप घेणारे म्हणत की, खरी वर्तमानपत्रे इतकी वाईट नसतात. १९७७ साली ग्युंटर वालराफ या पत्रकाराने नाव बदलून 'बिल्ड'च्या हानोवर कार्यालयात सुमारे चार महिने नोकरी केली आणि बातम्या कशा शिजवल्या जातात ते पुस्तकातून उघड केले. पुढे त्यांनी तुर्की मजुराचा वेष घेतला, 'अली' नाव धारण केले आणि दोन वर्षे कंत्राटी कामे केली. धूळ, विषारी वायू, अपुरी मजुरी, वर गोऱ्या मुकादमाच्या शिव्या. 'सर्वांत तळाशी' हे त्यांचे पुस्तक १९८५ साली आले आणि प्रचंड खपले. लपवून नेलेल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यांचा चित्रपट १९८६ साली निघाला. आर्थिक चमत्काराच्या तळाशी कोणाचे घाम आणि फुप्फुसे गाडली आहेत, हे मग त्या देशाला डोळ्यांनी पाहावे लागले.

जबानीवरची सही

ब्योल १९८५ साली वारले. 'बिल्ड' आजही निघते. एका कादंबरीने वर्तमानपत्र बंद पडत नाही आणि एका चित्रपटाने पोलीस सौजन्याने वागू लागत नाहीत. मग या लेखकांनी साधले काय? आमच्या मते त्यांनी वाचकाला बदलले. काटारीनाला वाचलेला माणूस पुढच्या सकाळी मथळ्यात एखाद्या बाईचे नाव वाचतो, तेव्हा क्षणभर थांबतो. हे कोणी सांगितले? तिचे स्वतःचे शब्द कुठे आहेत? बड्याचे नाव यात का नाही? वार्ताहर चार दिवसांत अब्रू घेऊ शकला तो एकट्याच्या बळावर नव्हे. रोज सकाळी पैसे मोजून ते चघळणारे लाखो वाचक त्याच्या पाठीशी होते. आज तर ते वर्तमानपत्र प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आले आहे आणि कुणाच्या तरी लेकीबद्दलचा मजकूर पुढे ढकलायला एक बोट पुरते. आपणही त्या लाखांतले आहोत की काय, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे.

शेवटी आम्हाला पुन्हा तो पहिला प्रसंग आठवतो. काटारीनाजवळ पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या, मोठे शिक्षण नव्हते. एकच गोष्ट तिच्या हातात होती. जबानीत आपला शब्द आपल्या अर्थाने लिहिला जाईपर्यंत तिने सही केली नाही. पोलीस ठाण्यात, रुग्णालयात, शाळेच्या कचेरीत आपल्यापुढे रोज कागद सरकवले जातात. वर बोट ठेवून सांगतात, इथे सही करा. आमच्या माता-भगिनींनो, घरातल्या शिकणाऱ्या मुलीला शेजारी बसवा, तो कागद तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि एखादा शब्द तुमचा नसेल तर साहेबाला सांगा, हा शब्द बदला.